‘मले गणित येत नाही’ असं पोरीसमोर म्हणू नका

(मुकुटबन, जि. यवतमाळ येथे उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर झालेल्या आयांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर.)

सुट्टी लागायला आता थोडेच दिवस उरलेत. आपल्याकडे विदर्भात उन्हामुळे शाळा बाकीच्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो, कधी जुलै लागतो. म्हणजे जवळजवळ दोन महिने पोरं घरी. मागच्या बैठकीत तुम्ही म्हणालात की या दोन महिन्यांत पोरं सगळं विसरतात, वजाबाकी विसरतात, पाढे विसरतात, जूनमध्ये मास्तर म्हणतात मागच्या वर्षीचंच येत नाही. मग घरी काय घ्यावं, कसं घ्यावं, ते सांगा. मी हो म्हटलं आणि रात्रभर हसत होते. कारण गणितावर बोलायला तुम्ही जिला बोलावलंत ती बाई दहावीत गणितातच नापास झालेली आहे.

१९९१ सालची गोष्ट. मी चार मार्कांनी गेले. बाकी सगळ्या विषयांत पास. ऑक्टोबरला पुन्हा बसता येत होतं. फी काही फार नव्हती. पण बाबा म्हणाले, “पोरीले कायले पाहिजे गणित?” आई काही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं, तेव्हा मला अठरा पूर्ण झालेली नव्हती. माझ्या वर्गात माझ्यासारख्याच गणितात गेलेल्या आणखी मुली होत्या आणि मुलंही होती. मुलं ऑक्टोबरला बसली, कुणी दोनदा बसलं, कुणी तीनदा. मुलींची लग्नं झाली. तेव्हा मला वाटलं, मी ढ आहे. आज वाटतं, गणित हे एक दार होतं. मुलांसाठी ते पुन्हा पुन्हा उघडत होतं आणि आमच्यासाठी एकदाच बंद झालं.

म्हणून हा विषय मला नुसता सुट्टीतल्या अभ्यासाचा वाटत नाही.

हे दार आपल्यासाठी आपोआप उघडलेलं नाही. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ साली. त्यानंतर शंभर वर्षं आपल्याकडे वाद चालू होता की मुलींना शिकवायचं ते काय शिकवायचं. शिवणटिपण, स्वयंपाक, बालसंगोपन पुरे, गणित-विज्ञान कशाला, असं म्हणणारी मोठमोठी माणसं होती. देश स्वतंत्र झाल्यावरही अनेक ठिकाणी मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र दिलं जाई. हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती, मुलामुलींचा अभ्यासक्रम वेगळा असावा का हे ठरवायला. त्या समितीने सांगितलं की असा भेद करू नका. मग १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ते उचलून धरलं आणि पहिली दहा वर्षं गणित आणि विज्ञान सगळ्यांना सक्तीचं असावं असं म्हटलं. आपल्याकडे नव्या पद्धतीची दहावीची पहिली परीक्षा झाली १९७५ साली. तुमच्या पोरीच्या दप्तरात गणिताचं पुस्तक आहे, त्याच्यामागे हे सगळं आहे. पुस्तक दप्तरात आलं. आता ते डोक्यात जायला हवं, आणि तिथे आपलं घर मध्ये येतं.

घर कसं मध्ये येतं ते माझ्याच घरातलं सांगते. लपवत नाही.

माझी मुलगी तिसरीत होती. एप्रिल संपत आला होता. मी मशीनवर बसले होते, लग्नसराईचे ब्लाउज पडलेले, आणि ती शेजारी वजाबाकी करत होती. बावन्न वजा सत्तावीस. तिने लिहिलं पस्तीस. मी म्हटलं, चूक. तिने खोडून पुन्हा केलं, पुन्हा पस्तीस. तिसऱ्यांदा पस्तीस आले तेव्हा मी तिच्या पाठीत धपाटा घातला. आणि तोंडाने काय म्हणाले? “माह्यासारखीच निघाली तू!”

मैत्रिणींनो, धपाटा ती विसरली असेल. ते वाक्य विसरली नाही. पुढे दोन वर्षं कुणी गणिताचं विचारलं की ती म्हणायची, “मी आईवर गेली.”

त्या पस्तीसात काय होतं ते मला कितीतरी दिवसांनी कळलं. एकदा न रागावता विचारलं, “कसं केलंस ते सांग बरं.” ती म्हणाली, “मोठ्यातून लहान वजा करायचं. सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन.” म्हणजे तिच्याजवळ नियम होता! ती मनाला येईल ते लिहीत नव्हती. दोनातून सात जात नाहीत म्हणून तिने सातातून दोन घालवले. चूक होती, पण विचार करून केलेली चूक होती. आणि मी त्या विचारालाच मारलं होतं.

म्हणून आज पहिली गोष्ट सांगते ती हीच. उत्तर चुकलं की ‘चूक’ म्हणू नका, ‘कसं केलंस?’ असं विचारा. उत्तर बरोबर आलं तरी विचारा. तुम्हाला स्वतःला ते गणित येत नसलं तरी हा प्रश्न तुम्हाला विचारता येतो. निम्म्या वेळा पोर सांगता सांगताच आपली चूक पकडते.

त्या बावन्न वजा सत्तावीसचं पुढे काय केलं? घरामागे तुराट्या पडलेल्या होत्या. त्यांच्या बोटाएवढ्या काड्या मोडल्या. दहा-दहाच्या जुड्या बांधल्या, सुतळीने. पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या, हे बावन्न. आता म्हटलं, यातून मला सत्तावीस दे. तिने दोन जुड्या दिल्या. सात सुट्या द्यायच्या तर सुट्या दोनच. ती बघत बसली. मग स्वतःच म्हणाली, “जुडी सोडू का?” सोड. आता सुट्या झाल्या बारा. त्यातल्या सात दिल्या, पाच उरल्या. जुड्या उरल्या दोन. पंचवीस. पुस्तकातलं ‘उसनं घेणं’ म्हणजे जुडी सोडणं, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि खरं सांगू? मलाही त्याच दिवशी कळलं. तोवर मी नुसती वर रेघ मारून एक द्यायची.

आपल्या गटातली एक मैत्रीण कॉलेजात शिकवते. तिने मला एक अभ्यास वाचून समजावून दिला. अमेरिकेतल्या शिकागोच्या संशोधकांनी २०१५ साली तो प्रसिद्ध केला. पहिली-दुसरीची मुलं आणि त्यांचे आईबाप त्यांनी पाहिले. ज्या आईबापांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे तरीही वारंवार मुलांचा गणिताचा अभ्यास घेत होते, त्यांची मुलं वर्षभरात कमी शिकली आणि मुलांनाही धास्ती लागली. ज्या धास्तीच्या आईबापांनी फारसा अभ्यास घेतला नाही त्यांच्या मुलांचं तसं झालं नाही. ऐकून माझ्या पोटात गोळा आला. म्हणजे मी मदत करत होते असं मला वाटत होतं, आणि मी माझी भीती तिच्या ताटात वाढत होते.

याचा अर्थ घरी काही घेऊच नका असा नाही. अर्थ असा की चिडून, घाबरून, धपाटे घालून घेऊ नका. घ्यायचं तर सकाळी, ऊन चढायच्या आत, वीस मिनिटं. दुपारी पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा कुणाचंही डोकं चालत नाही, आपलंही नाही. पोरीला आणखी हवंसं वाटत असतानाच थांबा. आणि ‘मले गणित येत नाही’ हे वाक्य सुट्टीपुरतं तरी तोंडातून काढू नका.

शिवाय ते वाक्य खरंही नाही.

इथे बसलेल्या किती जणींनी यंदा कापूस वेचला? मागच्या रांगेतल्या काकू, तुम्ही सांगा. सदतीस किलो वेचला आणि किलोमागे दहा रुपये धरले तर किती? तीनशे सत्तर, डोळे न मिटता. आणि नऊ रुपये दिले तर? “सदतीस कमी.” पाहा! तीनशे सत्तरातून सदतीस गेले तीनशे तेहेतीस. काकूंनी नवाचा पाढा म्हटला नाही. दहाने गुणून एक पट काढून टाकली. पुस्तकात याला मोठं नाव आहे. काकू शाळेत गेलेल्या नाहीत.

आता मे महिन्यात तेंदूपत्ता येईल. पुड्यात पानं किती? सत्तर. अर्धा पुडा पस्तीस. शंभर पुडे म्हणजे सात हजार पानं. हजार पुड्यांचं एक गोणं, म्हणजे सत्तर हजार. हे तुम्हाला पाठ आहे आणि तुमच्या पोरांनाही पाठ आहे, कारण ती पहाटे तुमच्यामागे रानात येतात.

पस्तीसवरून एक गोष्ट सांगते. ब्राझील देशातल्या रेसिफे शहरात काही संशोधकांनी रस्त्यावर नारळ विकणाऱ्या पोरांचा अभ्यास केला, १९८५ साली तो छापला. त्यांनी गिऱ्हाईक बनून विचारलं, एक नारळ पस्तीसचा, दहा नारळांचे किती? बारा वर्षांचा मुलगा म्हणाला, तीन नारळांचे एकशे पाच. आणखी तिनाचे धरून दोनशे दहा. आणखी तीन, तीनशे पंधरा. आणि एक, तीनशे पन्नास. रस्त्यावर विचारलेल्या अशा गणितांची शंभरातली अठ्ठ्याण्णव उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर, शाळेतल्यासारखी मांडून दिली तर शंभरात सदतीसच बरोबर. पोरं तीच, आकडे तेच.

तुम्ही म्हणाल, ब्राझील लांब राहिलं. मग आपल्या देशातलं ऐका. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या चौदाशेहून अधिक मुलांचा असाच अभ्यास झाला. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना नोबेल मिळालं, ते त्या गटात होते. २०२५ साली तो प्रसिद्ध झाला. बाजारातली मुलं तोंडी हिशेब झटपट करत, पण शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या साध्या भागाकारापाशी अडत. आणि शेजारच्या शाळेतली मुलं? ती वहीतलं गणित त्यांच्यापेक्षा बरं करत, पण बाजारातला खरा हिशेब दिला की अडत. म्हणजे दोन्हीकडे पूल नाही. रानातलं गणित रानात राहतं, वहीतलं वहीत राहतं.

तो पूल बांधणं हे आपलं सुट्टीतलं काम. ते मास्तर करू शकत नाहीत, कारण ते रानात नसतात. आपण दोन्हीकडे असतो.

कसा बांधायचा? आधी तोंडी, मग काड्यांनी किंवा चिंचोक्यांनी, मग वहीत. तेच गणित, तेच आकडे. सकाळी पुडे मोजले, पाच पुड्यांची पानं किती झाली? पोरगी म्हणेल तीनशे पन्नास. कसं केलंस? “दोन पुड्यांचे एकशे चाळीस, चाराचे दोनशे ऐंशी, वर सत्तर.” छान. आता हेच वहीत लिही. वर सत्तर, खाली पाच, गुणिले. उत्तर तेच आलं का? आलं तर तिला कळतं की वहीतल्या खुणा म्हणजे तिच्याच डोक्यातला हिशेब. नाही आलं तर तिला कळतं की लिहिण्यात काहीतरी चुकलं. कारण डोक्यातलं बरोबर आहे हे तिला माहीत आहे. यात जो भरवसा येतो तो शंभर उदाहरणं घोकून येत नाही.

आता आकड्यांच्या नावांबद्दल. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आठवतं? लोकांनी थट्टा केली. गणिताच्या समितीच्या प्रमुख होत्या मंगला नारळीकर. स्वतः गणितज्ञ, २०२३ साली त्या गेल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. मराठीत आपण लिहितो आधी दोन आणि मग एक, पण बोलताना ‘एकवीस’, म्हणजे एक आधी आणि वीस नंतर. वर त्रेपन्न, सत्तेचाळीस, अठ्ठ्याहत्तर अशी जोडाक्षरं. लहान पोर तिथे अडखळतं. जुनी नावंही राहू द्या, ही नवी रीतही द्या, असं त्या म्हणत होत्या.

पुण्या-मुंबईच्या लोकांना ते चमत्कारिक वाटलं असेल. आपल्याला का वाटावं? आपल्या झरी-जामणी तालुक्याची हद्द तेलंगणाला लागून आहे. आपल्यात तेलुगू बोलणारी घरं आहेत. तेलुगूत एकवीसला काय म्हणतात? ‘इरवै ओकटी’. वीस एक! कोलामी, गोंडी बोलणारी पोरं आपल्या शाळांत आहेत, त्यांना मराठी हीच दुसरी भाषा. अशा पोराने ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहिलं तर ते गणितात कच्चं नाही, ते आपल्या भाषेशी झगडतंय. त्याला हसू नका. ‘साठ तीन, म्हणजे त्रेसष्ट’ असं जोडीने म्हणा. घरात जी भाषा असेल तिच्यातही मोजू द्या. आणि आपल्याच मराठीतली गंमत सांगा. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, सगळ्यांत ती वजाबाकी लपलेली आहे. एकदा पोरांना ती सापडली की दिवसभर तेच खेळत बसतात.

पाढ्यांचंही तसंच. आपल्या आज्यांच्या पिढीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी येत असत. सोळा आण्यांचा रुपया होता, शेर-पायली होती, त्यांच्याशिवाय बाजार चालत नव्हता. १९५७ साली रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग किलो-मीटर आले आणि ते पाढे गेले. गेले ते गेले, पण घरात म्हातारं माणूस असेल तर त्याला म्हणायला लावा आणि पोरांना ऐकू द्या. अर्ध, पाव, पाऊण, दीड हे शब्द ज्या पोराच्या कानावर आहेत त्याला अपूर्णांक परका वाटत नाही. नुसते पाढे घोकून घेण्यापेक्षा ते बांधायला शिकवा. सातचा येत नसेल तर पाचचा आणि दोनचा येतो ना? आठ पंचे चाळीस आणि आठ दुणे सोळा, मिळून छप्पन्न. आठ साते छप्पन्न. विसरला तर पुन्हा बांधता येतो. घोकलेलं विसरलं की हातात काहीच राहत नाही.

आणि दुपारी अष्टचंग मांडा. चार चिंचोके फोडून घ्या, जमिनीवर खडूने घर आखा. दान पडलं की इतकी घरं पुढे, आणखी किती पडले तर सोंगटी मरेल, हे पोरं मनातल्या मनात करत राहतात. ते गणितच आहे, फक्त त्याला कुणी अभ्यास म्हणत नाही.

आता जरा कटू बोलते.

गणित घरात, बाजारात, रानात आहे म्हटलं की आपण काय करू? पोरीला म्हणू, चल, भाकरीचं पीठ मोज, हे तुझं गणित. आणि मुलाला वणीला क्लास लावू. मला हे नको आहे. गणिताच्या नावावर पोरीच्या अंगावर आणखी काम टाकू नका. सुट्टी लागली की पोरगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, आपल्याबरोबर पुडे बांधते. मुलगा खेळतो. आधी तिच्या दिवसातली वीस मिनिटं मोकळी करा, तिच्या हातातली घागर काढून भावाच्या हातात द्या. मग गणित.

आणखी एक पाहा. दुकानात पैसे घेऊन कोण जातं? बहुतेक घरांत मुलगा. पाचशेची नोट त्याच्या हातात, सुटे त्याने मोजायचे, उरले किती ते त्याने सांगायचे. तो रोज वजाबाकी करतो आणि आपण म्हणतो, पोरांना गणित उपजत येतं. फ्रान्समध्ये २६ लाखांहून अधिक मुलांच्या चाचण्यांचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. पहिलीत शिरताना मुलगे आणि मुली गणितात बरोबरीचे होते. चारच महिन्यांनी मुलगे पुढे गेलेले दिसले, वर्षभरात अंतर आणखी वाढलं. श्रीमंत घरांत, गरीब घरांत, सगळीकडे. उपजत असतं तर पहिल्या दिवशीच दिसलं असतं ना? ते नंतर येतं. कुणाला विचारलं जातं, कुणाकडून अपेक्षा ठेवली जाते, यातून येत असावं असं मला वाटतं. म्हणून या सुट्टीत नोट मुलीच्या हातात द्या. आणि पीठ मुलाला मळू द्या. एका वाटीला अर्धी वाटी पाणी तर साडेतीन वाट्यांना किती, हे त्यालाही कळू दे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी आज उभी राहिले.

काही वर्षांपूर्वीच्या तेंदूच्या हंगामातली. आमच्या गल्लीतली एक मुलगी, चौथी पास होऊन पाचवीत जाणारी. सकाळी माझ्या ओट्यावर पाच-सहा पोरं बसत, त्यांत ती असे. तिची आई अंगठा करणारी. सहा दिवसांचे पुडे कार्डावर लिहिलेले होते आणि खाली बेरीज मांडलेली. तिने ते कार्ड ओट्यावर आणलं, कारण मी सांगितलं होतं की घरातला कुठलाही खरा हिशेब आणा. आकडे असे होते. १८०, १९५, २१०, १७५, २०५, १८५. कार्डावर बेरीज होती १०५०. तिने वहीत केली तर ११५० आली. तिला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा केली. मग मला म्हणाली, “काकू, माहं चुकून राहिलं.”

मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, कसं केलंस? तिने बोट ठेवून सांगितलं. एककांचे वीस, शून्य लिहिला, हातचे दोन. दशकांचे तेहेतीस आणि दोन पस्तीस, पाच लिहिले, हातचे तीन. शतकांचे आठ आणि तीन अकरा. मग कार्डाकडे पाहत ती थांबली आणि हळूच म्हणाली, “काकू, त्यांनी हातचे दोनच घेतले.”

शंभर पुडे. सात हजार पानं. सबंध घराची अर्ध्या दिवसाची मेहनत, पहाटे तीनला उठून केलेली. एका हातच्यात गेली होती.

संध्याकाळी मायलेकी केंद्रावर गेल्या. आईने कार्ड पुढे केलं, पोरीने वही. लिहिणाऱ्या माणसाने आधी हातानेच जा म्हटलं. पोरगी हलली नाही. तिने त्याच्यासमोर उभं राहून मोठ्याने बेरीज म्हटली. मागे रांगेत बायका होत्या, त्या ऐकत होत्या. त्याने खोडून ११५० लिहिलं. मुद्दाम केलं की चुकून, मला माहीत नाही आणि मी आरोप करत नाही. बेरीज कुणाचीही चुकते. पण दुसऱ्या दिवशी माझ्या ओट्यावर अकरा कार्डं आली होती.

त्या पोरांनी मे महिनाभर बेरजाच केल्या. कुणाला सांगावं लागलं नाही की अभ्यासाला बसा.

मोठ्या पोरांसाठी, सातवी-आठवीच्या, बचत गटाची वही आहे. शेकडा दोन रुपये महिना म्हणजे वर्षाचे किती टक्के, विचारा. चोवीस. दारावर येणारा कर्जवाला म्हणतो, बारा टक्केच आहे ताई, दहा हजार घ्या, वर्षाचं व्याज बाराशे, बारा हप्त्यांत अकरा हजार दोनशे फेडा. ऐकायला गटापेक्षा निम्मं. पोरांना वहीत मांडायला लावा. पहिल्या महिन्यात आपल्याकडे दहा हजार आहेत, पण दर हप्त्याला मुद्दल कमी होत जातं. शेवटच्या महिन्यात हजारही नाही. सरासरी धरली तर वर्षभर आपल्याकडे साडेपाच हजारांच्या आतच पैसे होते, आणि व्याज दिलं पूर्ण दहा हजारांवर. मग खरा दर पडतो एकवीस-बावीस टक्के. म्हणजे गटाच्या चोवीसाच्या जवळपासच, आणि गटाचं व्याज निदान आपल्याच पेटीत राहतं. सही करायच्या आधी हे ज्या घरात कळतं त्या घरातली बाई वेगळा प्रश्न विचारते. आणि आठवीतल्या पोरीला शेकडेवारी कशाला शिकायची, हे कुणी वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

माझं काय झालं ते सांगून संपवते. लेकीबरोबर काड्या मोडता मोडता माझीच भीती गेली. २०१० साली मी पुन्हा परीक्षेला बसले. लेक तेव्हा आठवीत. रात्री आम्ही दोघी एकाच दिव्याखाली बसायचो आणि मी अडले की ती विचारायची, “कसं केलंस ते सांग बरं.” मी पास झाले. एकोणीस वर्षं लागली. बाबा तेव्हा होते. त्यांनी मार्कलिस्ट हातात घेतली, बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, “तेव्हाच भरायला पाहिजे होते पैसे.” तेवढंच. पण म्हणाले.

आपल्या पोरींना एकोणीस वर्षं लागू नयेत.

तर मग ठरलं. एक मेपासून रोज सकाळी सात वाजता, माझ्या ओट्यावर. मुलं-मुली दोन्ही. फी नाही. प्रत्येकीने आठवड्यातून एकदा स्वतःही येऊन बसायचं, येत नसलं तरी, फक्त ‘कसं केलंस’ विचारायला. वही आणि पेन्सिल आणा. तुराट्या माझ्याकडे आहेत. चिंचोके ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणावेत.